विहीणबाईंची खुर्ची

मी हातात घेतलेलं काम फसत नाही, असं माझं स्वतःबद्दलचं मत आहे आणि ते मी कधी लपवलेलं नाही. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. सातवीनंतर मुलीची शाळा सोडवायला आलेले कितीतरी बाप मी समोरच्या बाकावर बसवून, पाणी पाजून, मुलीसकट वर्गात परत पाठवलेत. माणसाला पटवणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ. तेव्हा एका विहिणीला पटवायला शनिवार-रविवार पुष्कळ झाले, असं मला वाटलं यात नवल नाही.

प्रश्न माझ्या मुलीचा होता. तिनं प्राणिशास्त्र केलं, लग्नानंतरही पक्ष्यांचा नाद सोडला नाही आणि जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर, जिथं ती गेले दोन हिवाळे हौसेनं मोजणीला जात होती, तिथंच दोन वर्षं पक्षी मोजण्याचं पगारी काम तिला चालून आलं. महिन्यातले दहा दिवस काठावर तंबूत राहायचं, दलदलीत हिंडायचं, मोजायचं, लिहायचं. सोमवारी तिला हो किंवा नाही कळवायचं होतं. जावई पुण्यात कंपनीत आहेत. स्वभावानं मऊ. ‘माझं काही म्हणणं नाही, पण एकदा आईचं हो असू द्या,’ एवढंच ते म्हणाले. आणि त्यांच्या आईचं, म्हणजे आमच्या वैजापूरच्या विहीणबाईंचं, हो येत नव्हतं आणि नाहीही येत नव्हतं. फोन केला की जयभीम व्हायचा, कांद्याचं, कपाशीचं बोलणं व्हायचं, आणि मूळ विषय काढला की त्या म्हणायच्या, ‘बघू.’

हे ‘बघू’ मी शाळेत फार ऐकलंय. त्याचा अर्थ ‘लोक काय म्हणतील’ असा असतो. मी ठरवलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? बाईंना सरळ तिथंच न्यायचं. जागा दाखवायची, पक्षी दाखवायचे, सुरक्षित कसं आहे ते सांगायचं. मुलगी म्हणाली, ‘मम्मी, मीच बोलते ना आईंशी.’ मी म्हटलं, तू गाडी चालव. बोलायचं काम माझं.

आता खुर्चीचं सांगते. आमच्यात विहिणीचा मान मोठा. माझ्या आईनं तिच्या विहिणीला, म्हणजे माझ्या सासूला, उभ्या आयुष्यात कधी जमिनीवर बसू दिलं नाही. खुर्ची नसली तर शेजारून मागून आणायची. तंबूत राहायचं तर सतरंजीवर बसावं लागणार हे मला दिसत होतं. विहीणबाईंना चिखलात बसवलं, ही बातमी वैजापूरला पोचायला एक फोन पुरे. म्हणून घरातल्या सहा प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी हात असलेली एक चांगली जांभळी खुर्ची मी गाडीच्या टपावर बांधून घेतली. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीतल्या दोघींनी विचारलं, ‘मॅडम, कुठं लग्न आहे का?’ मुलीनं खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसली. ती गप्प बसली की तिला काहीतरी म्हणायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मी विचारलं नाही.

विहीणबाई सकाळच्या एसटीनं आल्या. उंच, काटक, हातावर उन्हाचा रंग पक्का बसलेला. व्याही तहसीलमध्ये कारकून होते. शेती सगळी या बाईनंच ओढली. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, मी मागं डब्यांबरोबर बसले आणि पैठण रोडला लागल्यापासून माझं सुरू झालं. फुगवटा किती लांब आहे, थंडीत पक्षी कुठून कुठून येतात, बायका आता काय काय कामं करतात. बिडकीन गेलं, ढोरकीन गेलं. विहीणबाई प्रत्येक वाक्याला ‘व्हय’ म्हणत होत्या. मी मनात एकेका मुद्द्यासमोर बरोबरची खूण करत होते.

मुक्काम होता काठच्या एका शेतकऱ्याच्या रानात. बांधाला दोन तंबू, बाजूला त्याची पत्र्याची शेड, पुढं हरभऱ्याचं हिरवं शेत आणि त्याच्या पलीकडे पाणी. धरणाचं पाणी उतरायला लागलं की काठाचा गाळ उघडा पडतो आणि लोक त्यात पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. गाळपेर संपली की मग पाणकणीस, बेशरमची झुडपं आणि त्यापुढं नुसती दलदल. ती लांबून फसवते. वर वाळून भेगाळलेला पापुद्रा असतो, आत खीर. मुलीनं पोचल्या पोचल्या आम्हा दोघींना तिथवर नेलं आणि एक काठी दाखवली. काठीला लाल चिंधी बांधली होती.

“या काठीच्या पुढं पाऊल टाकायचं नाही,” ती म्हणाली. “दोघींनीही.”

विहीणबाई ‘व्हय’ म्हणाल्या. मी मान डोलावली. पोटच्या पोरीनं मला नियम सांगावा याची थोडी गंमत वाटली, थोडा रागही आला. नियम सांगण्यात माझी हयात गेली आहे.

संध्याकाळ छान गेली. मी खुर्ची बांधावर ठेवली, बाईंना तिच्यावर बसवलं आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली. चित्रबलाक दाखवले, शेकाट्या दाखवल्या, काटकुळ्या लाल पायांच्या. चक्रवाकांची जोडी दाखवून जोडीदारांच्या निष्ठेवर चार वाक्यं बोलले, ती मला मुद्दाम बोलायची होती. शेतकऱ्यानं शेणकुटांवर हुरडा भाजून दिला. मुलगी आणि तो खाली बसून हातावर चोळून खात होते. विहीणबाई खुर्चीत ताठ बसून माझ्या हातच्या ताटलीतून खात होत्या. एकदा त्या उठायला लागल्या तर मी म्हटलं, ‘बसा, बसा, तुम्ही कशाला उठता?’ त्या परत बसल्या. झोपताना मी मुलीला म्हटलं, ‘नव्वद टक्के काम झालंय.’ ती म्हणाली, ‘मम्मी, आई दिवसभरात सहा वाक्यं बोलल्या. मोजली मी.’ तिला मोजायची सवयच आहे.

रविवारी उजाडताच फ्लेमिंगो आले. आपल्याकडे रोहित म्हणतात. पाण्यात दूरवर पांढुरकी रांग उभी होती, माना खाली घालून. मुलगी वही घेऊन काठाकाठानं बरीच पुढं गेली. तिथून तिला मोजायला सोपं जाणार होतं. जाताना काठीकडे बोट दाखवून गेली. मी खुर्ची आणली, काठीच्या अलीकडे मांडली, बाईंना बसवलं. पण तिथून पाणकणसं आड येत होती. एवढ्या लांबून आलेल्या विहिणीला अर्धाच पक्षी दिसावा हे मला पटेना. पुढं जमीन तर सरळ वाळलेली दिसत होती. मी पाय आपटून पाहिला. घट्ट. एका चिंधीनं मुख्याध्यापिकेला अडवावं की काय? मी खुर्ची उचलली आणि काठीच्या पुढं दहा पावलांवर नेऊन ठेवली. विहीणबाई काठीपाशी थांबल्या.

“पोरगी नको म्हणली व्हती,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी आहे ना. या बिनधास्त.

त्या आल्या, बसल्या. मी शेजारी उभी राहून दुर्बीण डोळ्याला लावली आणि बोलायला लागले. रोहित चोच उलटी धरून चिखल कसा गाळतात, गुलाबी रंग त्यांना खाण्यातून कसा येतो. मग हळूच मुद्द्यावर आले. इथं काही धोका नाही, पोरगी हुशार आहे, मी स्वतः सगळं नीट पाहून घेतलंय. विहीणबाई मधूनमधून ‘व्हय’ म्हणत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते ‘व्हय’ खालून येतंय.

मी दुर्बीण काढली. खुर्चीचे चारही पाय गायब होते. बैठक चिखलाला टेकली होती आणि विहीणबाई मांडीवर हात ठेवून, पाय सरळ पुढं पसरून, चिखलात मांडलेल्या पाटावर बसल्यासारख्या बसल्या होत्या. चपला दिसत नव्हत्या.

मी म्हटलं, अहो, सांगितलं का नाही?

“तुम्ही बोलत व्हत्या,” त्या म्हणाल्या.

त्यांना ओढून काढायला मी झटक्यानं पाऊल टाकलं आणि पापुद्रा फुटला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला तर डावाही गेला. मग मी जे केलं ते सगळं चुकीचं केलं. हिसके दिले, वाकले, रेटा लावला. प्रत्येक हिसक्याला चिखल वर येत होता. मांडीपर्यंत आला तेव्हा विहीणबाई खुर्चीतून शांतपणे म्हणाल्या, “हलू नका. पाटाच्या पाण्यात म्हशी रुततात आमच्याकडं. जी धडपडती ती जास्त आत जाती.” मला म्हैस म्हटलेलं त्या वेळी लागलं नाही. मी मुलीला हाक मारली. शाळेच्या मैदानापलीकडच्या पोरांना ऐकू जाणारा माझा आवाज. त्या आवाजानं सगळे पक्षी एकदम उठले.

फ्लेमिंगोंनी पंख उघडले आणि पांढुरकी रांग एका क्षणात लालभडक झाली. आमच्या डोक्यावरून गेली. चिखलात बसलेल्या विहीणबाई मान वर करून बघतच राहिल्या.

“एवढं सांगितलं तुम्ही,” त्या म्हणाल्या, “पण हे आतून लाल असत्यात हे नाय सांगितलं.”

मुलगी आली ती पळत आली नाही. आधी शेडकडे गेली. मासे धरायला जाणारे लोक ज्याच्यावर बसून पाण्यात जातात तो थर्माकोलचा मोठा तुकडा आणि एक दोर घेऊन आली. काठीपाशी थांबली. आमच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो तिनं बाजूला ठेवला, नंतर वापरण्यासाठी.

“मम्मी, बोलू नको,” ती म्हणाली. “आई, तुम्ही खुर्ची सोडू नका. तिनंच तुम्हाला धरून ठेवलंय.”

“मी बरी आहे,” विहीणबाई म्हणाल्या. “आधी तुझ्या आईला काढ.”

तिनं थर्माकोल चिखलावर सरकवला आणि त्याच्यावर पालथी झोपली. कोपरांवर पुढं आली. माझ्यापाशी पोचून तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत माझ्या पायाशेजारी चिखलात घातले. पाय वर ओढू नको, म्हणाली, आतल्या आत हलव, पाणी आत जाऊ दे. मग मागं रेल, खाटेवर पडतेस तशी. मी ऐकलं. तिचा गाल थर्माकोलला लागला होता, केसांत गाळ गेला होता आणि ती खालच्या आवाजात, एका लयीत सांगत होती, हलव, थांब, हलव, थांब. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो माझ्याकडून आलेला नव्हता.

आणि तिथं, पाठ चिखलाला टेकून आकाशाकडे बघत असताना, मला भीती वाटली. माझी नव्हे, तिची. आज आम्ही रुतलो तर ती आली. ती रुतली तर कोण येणार? महिन्यात दहा दिवस, दोन वर्षं. ज्या बाईकडून मी हो काढायला निघाले होते तिच्या शेजारी पडून माझ्याच गळ्याशी ‘नाही’ आलं होतं. नको हे काम. शाळेत लाग. कुठंही लाग, पक्क्या फरशीवर लाग. मी बोलले नाही, कारण बोलायला मनाई होती. नाहीतर नक्की बोलले असते.

अर्ध्या तासात आम्ही दोघी काठीच्या अलीकडे होतो. विहीणबाई दोर कमरेला बांधून, थर्माकोलवरून सरपटत, माझ्यापेक्षा निम्म्या वेळात निघाल्या. खुर्ची तिथंच राहिली.

शेतकऱ्यानं मोटार सुरू करून दिली. थंड पाण्याखाली बसून आम्ही अंग धुतलं. बाईंचं बदलायचं लुगडं रात्री दवानं भिजून तंबूच्या दोरीवर होतं, म्हणून मुलीनं त्यांना स्वतःची ट्रॅक पँट आणि स्वेटर दिला. त्या वेषात त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हे तुमच्या व्याह्यांना सांगू नका. मला हसू आलं, मग त्यांना आलं आणि दोघी थरथरत हसत बसलो. बसलो म्हणजे जमिनीवर, शेकोटीपाशी, शेजारी शेजारी. खुर्ची नव्हतीच. चहा झाला तसा मुलीनं बाजूला ठेवलेला राग काढला. ‘पक्षी उडाले, आजची मोजणी गेली,’ एवढंच ती म्हणाली. तेवढं मला पुरलं.

मग मीच विहीणबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी कशाची? आणि पहिल्यांदा त्या सलग बोलल्या. महिनाभर त्यांना फोन येत होते. माझे, मुलाचे. प्रत्येक जण सांगत होता, काम कसं चांगलं आहे. विचारत कुणीच नव्हतं. पोरगीही घाबरून बोलत नव्हती.

“तुम्ही मान लई दिला,” त्या मला म्हणाल्या. “खुर्ची दिली. पण खुर्चीवर बसवलेल्या माणसाला कुणी काय विचारत नाय बघा.”

मी त्यांच्या पेल्यात उरलेला चहा ओतला.

त्या सुनेकडे वळल्या. दलदलीत एकटी जातेस का, त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली, दोघी असतो, दुसरी कन्नड तालुक्यातली आहे. एकीच्या कमरेला दोर, दुसरी काठावर. आणि रुतलीस का कधी? मुलीनं माझ्याकडे चोरून पाहिलं आणि सांगितलं, चार वेळा. चार वेळा. प्रत्येक वेळी संध्याकाळी तिनं मला फोन केला होता आणि जेवण काय होतं ते सांगितलं होतं. हे सगळं तिनं माझ्यापासून लपवलं होतं, कारण मीही तिला कधी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगत होते.

विहीणबाईंनी शेकोटीत काटकी सारली. “रुतायला सगळ्यांनाच येतं,” त्या म्हणाल्या. “निघायला हिला येतं. डोळ्यानं बघितलं मी. माझं हो आहे.” मग थांबून म्हणाल्या, “आता तुझ्या आईला विचार.”

मुलगी गोंधळली. मम्मीला काय विचारायचं, तिचं तर पहिल्यापासून हो आहे, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. पण सासू बघत होती, म्हणून तिनं विचारलं. “मम्मी, मी हे काम घेऊ का?”

आयुष्यात इतक्या सभा घेतल्या, इतक्या बापांना गप्प केलं, आणि साधं हो माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, “मला भीती वाटते.” हे वाक्य मी कुणासमोर कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. नवरा गेला तेव्हाही नाही. मुलगी माझा हात धरून बसली. तिच्या नखांत अजून गाळ होता.

“मला काय वाटत नाय व्हय?” विहीणबाई म्हणाल्या. “भ्या जायची वाट बघितली तर पोरी घरातच राहतील. भ्या असू द्या. हो म्हणा.”

मी हो म्हटलं. रडत म्हटलं, पण मोठ्यानं म्हटलं.

दुपारी तंबू गुंडाळले. निघण्याआधी तिघी काठीपर्यंत गेलो, पुढं नाही. खुर्चीचे हात आणि पाठ तेवढी वर दिसत होती आणि पाठीवर एक ढोकरी, मातकट बगळ्यासारखी, मान आखडून बसली होती. दोर टाकून खुर्ची ओढू का, मुलीनं विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, राहू दे, बसली आहे ती. मग त्या गाडीशी आल्या, पुढचं दार मी उघडून धरलं होतं, आणि त्या मागं येऊन माझ्याशेजारी डब्यांमध्ये बसल्या. बिडकीनपर्यंत दोघी झोपलो.

सोमवारी तिनं हो कळवलं. आता घरात पाच खुर्च्या आहेत. विहीणबाई आल्या की आम्ही चटई टाकतो.

मुलगी काठावर मुक्कामाला असली की संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवण काय होतं ते मी आता विचारत नाही. मी विचारते, “आज रुतलीस का?” कधी नाही म्हणते, कधी हो म्हणते, जे असेल ते खरं सांगते. मी ठीक आहे म्हणते, आवाज न हलू देता. मग फोन ठेवून लगेच वैजापूरला लावते, आणि आम्ही दोघी मिळून निवांत घाबरून घेतो.